लक्ष कुठं होतं तुझं?

पत्र थोडक्यात : वाचक ३४ वर्षांच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी तीन मजली इमारतीत राहतात, पतसंस्थेत नोकरी करतात. घरात नवरा, ७१ वर्षांच्या सासूबाई आणि अडीच वर्षांचा मुलगा. गेल्या सहा महिन्यांत घरात दोन प्रसंग घडले. आधी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, उजवं मनगट मोडलं. मग आंघोळीसाठी बादलीत काढलेल्या सोलरच्या कढत पाण्यात मुलानं हात घातला. गार नळाला पाणी नव्हतं म्हणून आई पिंपातून विसण घ्यायला वळली होती. तिसरा प्रसंग घडता घडता राहिला. शेजारची मुलगी खेळताना इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीच्या फुटक्या झाकणावर चढली, झाकण हललं आणि कुणीतरी तिला ओढून घेतलं. वाचक लिहितात, "दोन्ही वेळी सगळ्यांनी मला एकच विचारलं, लक्ष कुठं होतं तुझं? आता मी घरातल्या धोक्यांची यादी केली आहे, ४३ गोष्टींची, फ्रिजवर लावली आहे. रात्री दोनदा उठून गॅस बघते. सासूबाई न्हाणीघरात दांडी लावू देत नाहीत. नवरा म्हणतो, पोराला लागल्याशिवाय कळत नाही आणि नशिबात असेल ते होतंच. टाकीच्या झाकणाचा विषय मीटिंगमध्ये काढला तर लोक हसले. मी नोकरी सोडून घरी लक्ष द्यावं का? की मीच फार घाबरट झाले आहे?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती कदाचित तुमच्या नजरेतून सुटली असेल. सासूबाई घसरल्या तो रविवार होता, तुम्ही स्वयंपाकघरात होतात. मुलाचा हात भाजला तेव्हा तुम्ही त्याच्यापासून चार पावलांवर होतात. म्हणजे दोन्ही वेळी तुम्ही घरीच होतात आणि लक्षही देत होतात. मग नोकरी सोडून नक्की काय बदलणार? उद्या तुम्ही चोवीस तास घरी असलात, तरी विसण घ्यायला वळावं लागणारच आहे.

"लक्ष कुठं होतं तुझं?" हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहज विचारला जातो, की त्यात एक गृहीतक दडलंय हे कुणाला जाणवत नाही. लागणं, भाजणं, पडणं हे सगळं कुणाच्या तरी बेसावधपणामुळे होतं, आणि तो बेसावधपणा बहुतेक वेळा घरातल्या बाईचा असतो, असं आपण धरून चालतो. हा प्रश्न घरातल्या पुरुषाला किती वेळा विचारला गेला, ते आठवून बघा.

माणसाचं लक्ष सलग टिकत नाही. दूध उतू जातं, बेल वाजते, फोन येतो, झोप अपुरी झालेली असते. अडीच वर्षांचं मूल चार पावलं जायला दोन सेकंदही घेत नाही. ज्या घरात सगळ्यांची सुरक्षितता एका बाईच्या लक्षावर टांगलेली असते, तिथं ती बाई कितीही दक्ष असली तरी कधीतरी काहीतरी होणारच. म्हणून लक्ष वाढवण्यापेक्षा, लक्ष चुकलं तरी कुणाला फार लागू नये अशी घराची मांडणी करणं हाच खरा उपाय आहे.

हे मला उशिरा कळलं. माझे वडील दिवाळीच्या सफाईत माळ्यावरची पितळी भांडी काढताना प्लास्टिकच्या खुर्चीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मी त्यांना पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "अण्णा, लक्ष कुठं होतं तुमचं?" त्यांनी काही उत्तर दिलं नाही, भिंतीकडे तोंड केलं. ती खुर्ची आमच्या घरात पंधरा वर्षं माळ्यावर चढायला वापरली जात होती. तिचा एक पाय वाकलेला होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चांगली रुंद पायऱ्यांची घडीची शिडी आणायचं मात्र कुणाच्याच मनात आलं नव्हतं. ते वाक्य मागे घेता आलं असतं, तर मी घेतलं असतं.

आता तुमच्या न्हाणीघराबद्दल बोलू, कारण दोन्ही प्रसंग तिथलेच आहेत.

आपल्याकडे आंघोळीच्या पाण्याची रीत ठरलेली आहे : आधी बादलीत कढत पाणी, मग त्यात विसण. त्या गार पाण्याला मराठीत विसण असा वेगळा शब्दच आहे. पण या रीतीत काही सेकंद, कधी काही मिनिटं, नुसतं कढत पाणी मुलाच्या हाताच्या उंचीवर उघडं राहतं. सोलरचं पाणी उन्हाच्या दिवशी ६० अंशांच्या वर सहज जातं. ६० अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते, मुलाची कातडी पातळ असते म्हणून त्याहूनही लवकर. ५० अंशांवर तेच व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणजे मुलाला हात काढून घ्यायला वेळ मिळतो. तेव्हा रीत उलटी करा. आधी बादलीत गार पाणी, मग त्यात कढत. गार नळाला पाणी नसेल, तर बादली गरम नळाखाली न्यायच्या आधी पिंपातलं पाणी तिच्यात ओता. याला पैसा लागत नाही आणि आठवडाभरात हाताला सवय होते. घरात सगळ्यांनी ही सवय लावायची, सासूबाईंनी आणि नवऱ्यानंही. प्लंबरला विचारलंत, तर गरम आणि गार मिसळून ठरावीक तापमानाचंच पाणी सोडणारा व्हॉल्व्हही बसवून मिळतो.

त्याच न्हाणीघरात, पाणी साठवलेल्या बादल्या आणि पिंपाचीही सोय लावा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून बघताना ते तोल जाऊन आत पडतं आणि बादलीत वीतभर पाणी असलं तरी स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. ओरडत नाही, आपटत नाही, आवाजच होत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण हवं, रिकाम्या बादल्या पालथ्या हव्यात आणि दाराला बाहेरून, वरच्या बाजूला, कडी हवी. अनेकांच्या घरी पाणी रॉड लावून तापवतात. त्यांना माझं सांगणं : रॉडचं बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नका, आणि घरच्या बोर्डात विजेची गळती झाली की झटक्यात प्रवाह तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गॅसचा गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या आत कधीही नको. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, दार बंद करून आंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध जाते.

मुलाचा हात भाजल्यावर सासूबाईंनी टूथपेस्ट लावली, आणि डॉक्टरांनी ती काढताना मूल फार रडलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या आईनं त्यांना तेच शिकवलं असणार. पण पुढच्या वेळेसाठी घरातल्या सगळ्यांना हे पाठ असू द्या. भाजलेली जागा नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायची, घड्याळ लावून. बर्फ नाही, हळद नाही, तूप नाही, शाई नाही. हातातला काळा दोरा, वाळे, बांगडी, अंगठी सूज यायच्या आत लगेच काढायची. अंगाला चिकटलेला कपडा ओढायचा नाही. मग स्वच्छ सुती कापडानं सैल झाकून डॉक्टरकडे. फोड आले असतील, चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल तर घरी थांबायचंच नाही. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं पाणी तांब्यानं सतत ओतत राहायचं.

सासूबाईंचं प्रकरण नाजूक आहे, आणि मला वाटतं तुम्ही ते चुकीच्या टोकानं धरलंय. तुम्ही त्यांना सांगितलंत, "आई, तुम्ही पुन्हा पडाल." त्यांनी ऐकलं, "आता तुम्ही म्हाताऱ्या झालात." ज्या बाईनं चाळीस वर्षं घर चालवलं, तिला दांडी धरून चालायला सांगणं म्हणजे तिच्या हातातून किल्ल्या काढून घेण्यासारखं वाटतं. दांडी नको असते ती म्हणून.

मग दांडी मुलासाठी लावा. खरंच, त्यालाही ती लागणारच आहे. तुम्हालाही, केस धुताना डोळ्यांत साबण गेला की. घरातल्या सगळ्यांसाठी लावलेली दांडी कुणाला खाली पाहायला लावत नाही. आणि ती कुठं असावी, केवढ्या उंचीवर, हे सासूबाईंनाच ठरवू द्या : त्यांनी स्टुलावर बसून उठून दाखवावं, हात जिथं आपोआप भिंतीला जातो तिथं खूण करावी. एक अट पाळा. टॉवेल टांगायची दांडी आधारासाठी वापरू नका, ती माणसाच्या वजनानं उपटून हातात येते. आधाराची जाड दांडी विटांच्या पक्क्या भिंतीत, लांब बोल्टनं बसवावी लागते. मिस्त्रीला काम झाल्यावर तिच्यावर स्वतः लोंबकळून दाखवायला सांगा.

दांडीइतकंच महत्त्व बाकीच्याला आहे. दारातलं जुन्या साडीचं पायपुसणं गुळगुळीत फरशीवर सरकतं. त्याच्याखाली रबराची जाळी टाका किंवा ते काढून टाका. धुणं झाल्यावर साबणाचं पाणी वायपरनं ओढून घ्यायचं. गाऊन जमिनीला लोळत असेल तर दोन इंच वर घ्या. खोलीपासून संडासापर्यंत रात्रभर बारीक दिवा असावा. पहाटे उठल्यावर खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहायचं, कारण रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी एकदम उठताना चक्कर येते. त्यांच्या सगळ्या गोळ्या एकदा डॉक्टरांना दाखवा आणि मोतीबिंदू तपासून घ्या. पडलेली बाई "मी चुकून पडले" म्हणते, पण पुष्कळदा तिला पायरीची कड दिसलेलीच नसते. न्हाणीघराचं दार आत उघडणारं असेल आणि कुणी दारालगत पडलं, तर बाहेरून दार ढकलता येत नाही. ते बाहेर उघडणारं करून घ्या, किंवा निदान बाहेरूनही उघडता येईल अशी खिट्टी बसवा.

आणि पुन्हा कुणी पडलंच तर? लगेच काखेत हात घालून उचलू नका. आधी विचारा, कुठं दुखतंय. जांघेत दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यानं मरतात; अपघाती मृत्यूंत रस्त्यानंतर दुसरा क्रमांक पडण्याचा आहे. हे मी तुम्हाला आणखी घाबरवायला सांगत नाही. मीटिंगमध्ये हसणाऱ्यांना आणि "पाय घसरला, त्यात काय" म्हणणाऱ्यांना सांगायला तुमच्याजवळ असावं, म्हणून सांगतोय.

आता ती ४३ कलमांची यादी. ताई, ती फ्रिजवरून काढा. रोज ४३ गोष्टी तपासणं म्हणजे पुन्हा सगळं तुमच्या लक्षावरच टांगणं. यादी समोर घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारा. यानं जीव जाऊ शकतो किंवा कायमचं अपंगत्व येऊ शकतं का? आणि हे एकदाच करून कायमचं मिटवता येतं का? दोन्हीला "हो" असेल तेवढंच ठेवा. माझा अंदाज आहे की आठ-दहाच उरतील : फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या वरच्या कुलूपबंद कपाटात (आणि कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत नाहीत), आजीच्या गोळ्या उशाखालून वरच्या फळीवर, रिमोटमधल्या आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या छोट्या चपट्या बॅटऱ्यांचं झाकण स्क्रूनं बंद (ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते, तेव्हा वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात), खिडकीखालची खाट दुसऱ्या भिंतीला, गॅलरीतल्या कुंड्या कठड्यापासून लांब. रात्रीच्या गॅसचंही तसंच. झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर शेवटी जो स्वयंपाकघरातून बाहेर पडेल त्यानं बंद करायचा, आणि तो नवरा असू दे. एकदा त्याच्यावर सोपवलं की उठून बघायचं नाही.

हे सगळं करूनही झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, मुलगा डोळ्यांसमोरून हलला की जीव घाबरा होत असेल, तर ते तुमच्या स्वभावात दोष असल्याचं लक्षण नव्हे. एका भाजण्यानं मुलाच्या हाताला जखम झाली तशी तुमच्या मनालाही झाली. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरला हाताची जखम दाखवली, तशी हीही दाखवा.

नवऱ्याचं "लागल्याशिवाय कळत नाही" हे अर्धं खरं आहे, आणि त्यातलं अर्धं मला तुमच्यापर्यंतही पोचवायचंय. मुलाला पळू दे, पायरीवरून उडी मारू दे, गुडघा फुटू दे. त्यातून त्याचं अंग शिकतं. पण कढत पाणी, विजेचा धक्का, तिसरा मजला, टाकी यांतून काही शिकता येत नाही, कारण तिथं दुसरी संधी मिळेलच असं नाही. हा फरक दोघांनी मिळून एकदा बोलून घ्या, म्हणजे तुमचं उगाच अडवणं आणि त्याचं उगाच सोडून देणं, दोन्ही कमी होईल.

नशिबाबद्दल मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नल या वैद्यकीय नियतकालिकानं २००१ साली आपल्या पानांवर अपघात या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरायचा नाही असं ठरवलं, कारण त्या शब्दातून टाळता न येण्यासारखं काहीतरी घडलं असा समज होतो. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात दरवर्षी उन्हाळ्यात लहान मुलं उंच इमारतींच्या खिडक्यांतून पडत होती. आयांना "लक्ष द्या" असं पुष्कळ सांगून झालं होतं. मग तिथल्या आरोग्य खात्यानं घरोघर जाऊन समजावलं, लहान मुलं असलेल्या घरांना खिडकीच्या जाळ्या फुकट दिल्या, आणि ब्रॉन्क्स भागात दोन वर्षांत मुलांचं पडणं निम्म्यावर आलं. १९७६ साली शहरानं घरमालकांवर जाळ्या लावायची सक्ती केली. आयांचं लक्ष त्या दोन वर्षांत दुप्पट झालं नव्हतं.

हेच टाकीच्या झाकणाला लागू आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या मुसळधार पावसात एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घरी चालत जाताना पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि गेले. त्यानंतर मॅनहोलच्या झाकणाखाली लोखंडी जाळी बसवायचं काम सुरू झालं. झाकण चोरीला जाईल, वाहून जाईल, कुणी उघडून विसरेल. जाळी मात्र माणसाला अडवेल. तुमच्या टाकीला नेमकं हेच हवं : बिजागरीचं, कुलूप लागणारं पत्र्याचं झाकण आणि त्याच्याखाली सळ्यांची जाळी. गावातला कोणताही वेल्डर एका दिवसात करून देईल. किल्ली पाणी सोडणाऱ्या माणसाकडे आणि दुसरी सेक्रेटरींकडे.

मीटिंगमध्ये तुम्ही "काहीतरी व्हायच्या आत करायला हवं" असं म्हणालात, आणि लोक हसले. "काहीतरी" दिसत नाही, म्हणून हसले. या वेळी विषय आधीच लेखी द्या, सेक्रेटरींची पोच घ्या. वेल्डरचं अंदाजपत्रक सोबत जोडा आणि ते घरांच्या संख्येनं भागून आकडा लिहा, म्हणजे पैशावरून वाद लांबणार नाही. त्या मुलीच्या आईला बरोबर घ्या, आणि ज्यानं तिला ओढलं त्यालाही. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी झाकण हलताना पाहिलंय. नवऱ्याला सोबत बसवा, बोलू नका म्हटलं तरी चालेल, नुसतं बसू दे. आणि तोवर, मीटिंगमध्ये काय ठरेल ते ठरो, आजच त्या झाकणावर चार जड फरश्या ठेवून भोवती दोरी बांधून घ्या.

येत्या रविवारी मीटिंग आहे असं तुम्ही लिहिलंय. फरश्या ठेवायच्या आधी झाकणाचा फोटो काढा, दिवसाउजेडी, त्या फुटक्या भोकाशेजारी मुलाची एक चप्पल ठेवून. भोक केवढं आहे, ते मग कुणाला सांगावं लागणार नाही.